घरातल्या झाडासाठी दिवा घेताना

(मंडळाच्या व्याख्यानाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मंडपात तुम्ही मला दरवर्षी पाहता ते खांद्यावर वायरचे भेंडोळे आणि हातात टेस्टर अशा अवतारात. यंदा कार्यकारिणीने फर्मान काढले की रोषणाई बाकीची पोरे बघतील, तुम्ही बोला. मी डिप्लोमा झालेला माणूस. रेल्वेच्या विद्युत विभागात स्टेशने, ऑफिसे आणि क्वार्टर्स यांच्या दिव्यापंख्यांची देखभाल करण्यात माझी वीस-बावीस वर्षे गेली. त्यामुळे साहित्य किंवा अध्यात्म यावर मी काही बोलणार नाही. मला जे दोन पैशांचे कळते त्यावरच बोलतो.

विषयही तुम्हीच दिलेला आहे. गेले दोन हिवाळे मला फोन येतात ते पंख्याचा रेग्युलेटर बिघडला म्हणून नव्हे, तर "अहो, झाडांसाठी कुठला दिवा घ्यायचा?" म्हणून. हे फोन का वाढले ते उघड आहे. आपण बरेचजण क्वार्टरमध्ये राहिलो. मागे अंगण, अंगणात तुळस, कढीपत्ता, अळू, एखादे पेरूचे झाड. मग सेवानिवृत्ती आली, आयुष्याची पुंजी घालून द्वारकेला, नोएडाला, गाझियाबादला फ्लॅट घेतला. फ्लॅट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, समोर दुसरी बिल्डिंग, बाल्कनीत ऊन तासभर. त्यात दिल्लीचा हिवाळा. डिसेंबरच्या अखेरीस दिवस सव्वादहा तासांच्या आसपास येतो, धुक्याने आणि धुराने सूर्य दुधी काचेमागे गेल्यासारखा दिसतो, आणि जानेवारीत रात्रीचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. कार्तिकात तुळशीचे लग्न थाटात लागते आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत नवरी काळी पडते. हे दु:ख इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या खात्यातून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब आहेत. (२०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण साहेबांना ते नाव आवडत नाही.) काकूंचे गुडघे गेले, खाली उतरणे बंद झाले. तीस वर्षे अंगणात रमलेली बाई घरात बसली. साहेबांनी मोबाइलवरून एक जांभळा दिवा मागवला. खोक्यावर लिहिलेले '१००० वॉट', किंमत साडेचार हजार. दिवा छताच्या हुकाला टांगला, खाली कोथिंबीर, मेथी आणि तुळशीची कुंडी. संध्याकाळी पाच तास लावायचे, कारण त्याहून जास्त वेळ तो जांभळा उजेड डोळ्यांना सोसेना आणि समोरच्या बिल्डिंगमधून विचारणा झाली की तुमच्याकडे रोज पार्टी असते का! महिन्याभरात कोथिंबीर सुतासारखी लांब होऊन आडवी पडली. मी गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "अरे, माझ्या हातालाच आता गुण राहिला नाही. कुंड्या वॉचमनच्या बायकोला देऊन टाकते."

मी दिव्याला मीटर लावला. हजार वॉटचा दिवा ९८ वॉट खात होता.

इथे विक्रेत्याने थेट खोटे लिहिले असेही म्हणता येत नाही, हीच गंमत आहे. आत शंभर छोटे एलईडी, प्रत्येकाची कागदावरची कमाल क्षमता दहा वॉट, गुणाकार करून हजार. म्हणजे डब्यात बहात्तर बर्थ आहेत म्हणून बहात्तर प्रवासी प्रवास करताहेत असे सांगण्यासारखे. तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा. दिवा प्रत्यक्षात किती वॉट ओढतो तेच विचारायचे. 'इक्विव्हॅलंट', 'समतुल्य' वगैरे शब्द दिसले की पुढचा आकडा वाचूच नये.

पण नुसते वॉट कळूनही भागत नाही. वॉट म्हणजे दिवा खातो किती. झाडाला काय मिळते हा प्रश्न वेगळा आहे, आणि आजच्या भाषणात सांगण्यासारखे जे काही आहे ते इथेच आहे.

आपण उजेड मोजतो तो लुमेन आणि लक्स या मापांनी. ही मापे माणसाच्या डोळ्यासाठी केलेली आहेत. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सर्वांत तल्लख असतो. निळा आणि गडद तांबडा उजेड त्याला फिका वाटतो. झाडाला डोळे नाहीत. ते ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण मोजून घेते आणि त्यावर स्वयंपाक करते. हे कण मायक्रोमोल या मापाने मोजतात. एक मायक्रोमोल म्हणजे सहावर सतरा शून्ये इतके कण. आकड्याला घाबरू नका, आपण त्याला प्रवासी समजू. दिव्यातून दर सेकंदाला किती प्रवासी सुटले हे एक माप. त्यातले आपल्या फलाटावर, म्हणजे एका चौरस मीटर जागेवर, दर सेकंदाला किती उतरले हे दुसरे. आणि दिवसभरात एकूण किती उतरले हे तिसरे. झाडाला मतलब या तिसऱ्याशी. तिकिटे किती खपली याच्याशी फलाटावरच्या चहावाल्याला काय करायचे? त्याच्या फलाटावर माणूस उतरला तर त्याचा धंदा.

आता काही ठोकताळे सांगतो. कोथिंबीर, मेथी, पालक, लेट्यूस अशा पालेभाज्यांना दिवसाला साधारण १२ मोल मिळाले की त्या खूश असतात, दहावर चालवून घेतात. (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल.) टोमॅटो, मिरची अशा फळे धरणाऱ्यांना २० ते ३० लागतात. उन्हाळ्यात दिल्लीच्या गच्चीवर सूर्य ४० च्या पुढे फुकट देतो. आणि आपल्या दिवाणखान्यात? तिथे रात्रीच्या दिव्याचा उजेड दोन-तीनशे लक्स असतो. बारा तास ठेवला तरी दिवसाचा हिशेब एक दशांश-दोन दशांश मोलच्या आसपास. आपल्याला खोली झगझगीत वाटते, झाडाच्या दृष्टीने ती अमावस्या आहे. मनीप्लँट त्यात कसाबसा तग धरतो, कारण तो मुळात मोठ्या झाडांच्या सावलीत राहणारा. कोथिंबीर नाही राहणार.

गार्डसाहेबांचा दिवा कुंड्यांपासून तीन फूट वर होता. उजेड कुंड्यांवर कमी आणि सोफ्यावर, भिंतीवर, साहेबांच्या टकलावर जास्त. माझ्या अंदाजाने कोथिंबिरीला दिवसाकाठी एक-दीड मोल मिळत असावे. जिथे दहा पाहिजेत तिथे दीड. काकूंच्या हाताचा यात काय दोष?

मग हा हिशेब घरी कसा करायचा? त्याला महागडे यंत्र लागत नाही. साध्या पांढऱ्या एलईडीखाली मोबाइलमधले लक्स मोजण्याचे ॲप किंवा हजार-बाराशे रुपयांचा लक्समीटर पानांच्या उंचीवर धरा आणि येईल त्या आकड्याला ७० ने भागा. उत्तर आले मायक्रोमोल. उन्हात मोजत असाल तर ५४ ने भागा. मोबाइल थोडा इकडे-तिकडे दाखवेल, पण दहाच्या जागी दीड आहे एवढे तो नक्की सांगतो. जांभळ्या दिव्याखाली मात्र ही युक्ती चालत नाही, कारण लक्समीटर माणसाच्या डोळ्याने बघतो आणि निळा-तांबडा उजेड त्याला धड दिसत नाही.

या जांभळ्या रंगाचे काय ते सांगतो, कारण दहातले आठ फोन त्यावरच असतात. शाळेत आपण शिकलो की हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषते व हिरवा परत पाठवते, म्हणून पान हिरवे दिसते. त्यावरून लोक म्हणतात की हिरवा उजेड झाडाला फुकट, मग तो द्यायचा कशाला? पण मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने १९७२ साली बावीस जातींच्या झाडांची पाने घेऊन प्रत्येक रंगाच्या उजेडात ती किती काम करतात ते मोजले. हिरव्या उजेडातही काम चांगलेच चालते असे दिसले, तांबड्याहून थोडे कमी एवढेच. पानातून हिरवा उजेड खालच्या थरांपर्यंत जास्त उतरतो. तेव्हा पांढऱ्या दिव्यातला हिरवा भाग वाया जातो हे खरे नाही.

जांभळा रंग रुळण्याला इतिहासही आहे. तांबडा एलईडी १९६२ सालापासून आहे. चांगला निळा मात्र १९९० च्या दशकात जपानमध्ये झाला आणि त्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. आजचा पांढरा एलईडी म्हणजे निळ्याच चिपवर पिवळ्या रसायनाचा लेप असतो. तो स्वस्त आणि चांगला होईपर्यंत झाडांवर प्रयोग करणाऱ्यांच्या हाती जे होते ते त्यांनी वापरले, तांबडे आणि निळे. पुढे २०१५ साली अंतराळस्थानकात पिकवलेले लेट्यूस अंतराळवीरांनी खाल्ले, त्याचे गुलाबी-जांभळ्या उजेडातले फोटो जगभर गेले. तेव्हापासून झाडाचा दिवा म्हटला की जांभळाच, असे डोक्यात बसले. गंमत म्हणजे त्या अंतराळातल्या पेटीत हिरवे एलईडीही होते, झाडे माणसाच्या डोळ्याला झाडांसारखी दिसावीत म्हणून.

घरात याच कारणासाठी मी जांभळा दिवा नको म्हणतो. त्याच्याखाली पान पिवळे पडलेले कळत नाही, मावा-तुडतुडा लागलेला दिसत नाही. रोग कळेपर्यंत रोप गेलेले असते. तसा तो दिवा वाईट नसतो, गडद तांबडे एलईडी विजेच्या मानाने फार किफायतशीर असतात. मोठ्या हरितगृहांत चांगले दिवे आहेत ते पांढरा आणि गडद तांबडा यांचे मिश्रण करून. पण तुमच्या-माझ्या बैठकीच्या खोलीत, जिथे बाजूलाच माणसे जेवायला बसतात, तिथे पांढराच बरा.

आता प्रत्यक्ष घेण्याची गोष्ट. भारतात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात चार फुटी २० वॉटची एलईडी बॅटन मिळते. तिच्या खोक्यावर वॉट आणि लुमेन दोन्ही छापलेले असतात. लुमेनला वॉटने भागा. शंभर आले तर ठीक, सव्वाशे-दीडशे आले तर उत्तम. भागाकार ऐंशीच्या खाली असेल तर ती बॅटन जिन्यात लावायला ठेवा. रंग ४००० ते ६५०० केल्विनमधला कुठलाही चालतो. ६५०० मध्ये निळा अंश जास्त, रोप बुटके आणि दणकट राहते. ३००० च्या पिवळसर दिव्यात ते थोडे उंच पळते. यावर रात्र-रात्र वाद घालणारे लोक मी पाहिले आहेत. अंतर आणि तास यांच्यापुढे हा मामला किरकोळ आहे.

अशा चार बॅटन शेजारी शेजारी लावा आणि त्यांच्याखाली चार फूट बाय एक फूट एवढीच कुंड्यांची रांग ठेवा. बाजूंना पांढरा थर्माकोल किंवा पांढरा रंग दिलेली फळी. ८० वॉट, आठ हजार लुमेन. बाजूला सांडलेला उजेड वजा केला तरी पानांवर चौदा हजार लक्सच्या आसपास पडतात, म्हणजे २०० मायक्रोमोल. रोज चौदा तास लावले की दहा मोल. झाला हिशेब. पण हे सगळे दिवा पानांपासून सहा ते आठ इंचांवर असेल तर. एलईडीच्या उजेडात उष्णता फारशी नसते, म्हणून तो इतका जवळ आणता येतो. पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांवर, आपल्या यार्डात असायचे त्याच जातीच्या, युरोपातली हरितगृहे वर्षानुवर्षे चालली. पण ते दिवे रोपाजवळ आणले तर पाने भाजत. तेव्हा बॅटन साखळीने टांगा आणि रोपे वाढतील तशी वर सरकवा. दिवा जवळ आणायला पैसे लागत नाहीत, आणि नव्वद टक्के घरांत नेमके तेच राहिलेले असते.

आता विजेचे बिल. ८० वॉट चौदा तास म्हणजे दिवसाला सव्वा युनिटच्या आत, महिन्याला तेहेतीस-चौतीस युनिटे. सात रुपये दराने दोनशे पस्तीस रुपये. तुमच्या राज्यात दराचे टप्पे असतील तर या तेहेतीस युनिटांनी बिल पुढच्या टप्प्यात जाते का तेही बघून घ्या. कोथिंबिरीची जुडी हिवाळ्यात दिल्लीत ज्या भावाने मिळते ते पाहता, पैसे वाचवायला कोणी हा उद्योग करत असेल तर त्यांनी तो आजच सोडावा! हे मी इलेक्ट्रिकवाला म्हणून स्पष्ट सांगतो. सूर्य जिथे मिळतो तिथे दिवा लावणे म्हणजे भर दुपारी फलाटाचे दिवे चालू ठेवण्यासारखे आहे, आणि त्यावरून आमच्या खात्यात मेमो मिळतो.

पण चार-आठ दिवसांत कापायची कोवळी मेथी, मोहरी, मूग यांची गोष्ट निराळी. त्यांना निम्मा उजेड पुरतो, दोन बॅटन बारा तास. बियाण्यातच त्यांची शिदोरी असते. रोपे तयार करून फेब्रुवारीत बाल्कनीत न्यायची असतील तर तेही परवडते. आणि घरात अडकलेल्या माणसाला रोज सकाळी बघायला काहीतरी हिरवे लागते, त्याचा दर मी युनिटमध्ये काढू शकत नाही.

कोणी विचारेल, मग खास झाडांसाठी बनवलेले महागडे दिवे घ्यावेत का? त्यावर एक आकडा लिहिलेला असतो, मायक्रोमोल प्रति ज्यूल. म्हणजे आमच्या भाषेत ॲव्हरेज, लिटरला किती किलोमीटर. साधी शंभर लुमेनवाली बॅटन १.४ देते. जुना सोडियम १.७ पर्यंत जाई. आजचा चांगला झाडांचा दिवा अडीच किंवा त्याहून अधिक देतो. म्हणजे जिथे ८० वॉट जळतात तिथे ४५ मध्ये भागेल, महिन्याला पंधरा युनिटे वाचतील, शंभरेक रुपये. दिवा तीन हजारांनी महाग असेल तर बारमाही लावणाऱ्याचे पैसे अडीच वर्षांत वसूल. फक्त हिवाळ्याचे चार महिने लावणाऱ्याला सात-साडेसात वर्षे लागतील, आणि तोवर दिवा टिकला पाहिजे. हा आकडा ज्या खोक्यावर लिहिलेलाच नाही त्याला महागडा भाव देण्याचे कारण नाही.

टिकण्याबद्दल थोडे आमच्या अनुभवातले. २०१८ च्या सुमारास देशभरातली स्थानके एलईडीवर गेली, तेव्हापासून हे दिवे मी शेकड्याने उघडून पाहिले आहेत. एलईडी चिप सहसा मरत नाही. मरतो तो तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर, आणि त्यातही कपॅसिटर. उष्णता दहा अंशांनी वाढली की त्याचे आयुष्य निम्मे होते असा आमच्यात ठोकताळा आहे. म्हणून बॅटन ॲल्युमिनियमच्या अंगाची घ्या, प्लॅस्टिकची नको, आणि वरून कापड किंवा पुठ्ठा झाकू नका. खास झाडांचा दिवा असेल तर ड्रायव्हर बाहेरचा, बदलता येण्याजोगा असावा.

आणि आता हात जोडून विनंती. पाणी आणि वीज एका मांडणीवर आणताय, तर ज्या सॉकेटवर हे लावाल त्या लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असलीच पाहिजे. एमसीबी असते ती वायर वाचवते, माणसाला नाही. अर्थिंग तपासून घ्या. जोड आणि एक्स्टेंशन बोर्ड कुंड्यांच्या वर, बाजूला, कधीही खाली नको. वायर सॉकेटपाशी येण्याआधी थोडी खाली झोकून मग वर न्या, म्हणजे ओघळ आलाच तर तो झोकातून खाली टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. पाणी घालताना स्विच बंद. घरात नातवंडे येतात, कुंडीत पाणी घालायला त्यांनाच सर्वांत जास्त आवडते. या कामात कंजुषी करणाऱ्याकडे मी चहाला येत नाही.

तुळशीकडे येतो. इथे एक घोटाळा पक्का समजून घ्या. आपली तुळस उजेडावाचून मरते त्याहून जास्त थंडीने मरते. पारा दहाच्या खाली उतरला की पाने काळवंडतात, आणि एलईडी काही शेगडी नव्हे. बाल्कनीतल्या तुळशीवर कितीही दिवे लावलेत तरी रात्रीची थंडी तिला सोडणार नाही. डिसेंबर लागला की कुंडी आत घ्या, जी खिडकी मिळेल तिच्यापाशी ठेवा आणि वरून पंधरा वॉटचा पांढरा बल्ब, टोपी लावून, नऊ-दहा इंचांवर. चौदा तास. त्यात ती भरघोस होणार नाही, पण जगेल, आणि मार्चमध्ये बाहेर नेली की पुन्हा फुटेल. पाणी मात्र निम्म्याने कमी करा. ऊन नाही, वारा नाही, माती लवकर सुकत नाही, आणि आपण सवयीने रोज तांब्या ओततो. हिवाळ्यात मुळे कुजून गेलेल्या तुळशी मी थंडीने गेलेल्यांपेक्षा फार कमी पाहिलेल्या नाहीत.

टायमरबद्दल. तीनचारशे रुपयांचा टायमर सॉकेट घ्या, रोज आठवणीने लावणे-बंद करणे कोणाच्याने होत नाही. पण चौदा तास चांगले म्हणून चोवीस तास करू नका. कोथिंबिरीला दिवस फार लांब झाला तर ती लवकर तुऱ्यावर येते, पान कमी देते. तिला बारा तासच ठेवा आणि दिवा थोडा जवळ घ्या. ज्यांच्याकडे शेवंती आहे त्यांनी तर रात्री तिच्यावर उजेडच पडू देऊ नये. तिला लांब काळोखी रात्र मिळाली तरच ती कळी धरते. कर्नाटकातले शेतकरी शेवंतीच्या शेतात रात्री बल्ब लावतात ते फूल लांबवण्यासाठीच. उलट ड्रॅगनफ्रूटला रात्री उजेड दिला की ते बिनहंगामी फुलते. व्हिएतनाममध्ये ही जुनी पद्धत आहे आणि महाराष्ट्रातही काही शेतकरी आता ती वापरतात. तेव्हा बाल्कनीतली शेवंती फुलत नसेल तर खत बदलण्याआधी सोसायटीचा दिवा तिच्यावर रात्रभर पडतो का ते बघा.

शेवटी महिला समितीचा खास प्रश्न, दूर्वा घरात दिव्याखाली होतील का? उत्सवात रोज एकवीसच्या जुड्या लागतात आणि बाजारात मिळतात त्या शिळ्या, हे मला मान्य. पण दूर्वा म्हणजे भर उन्हातले गवत. उसाच्या आणि मक्याच्या पंगतीतले, कडक उन्हात जोमाने वाढणारे. सावलीत ते विरळ होते आणि दोन पेरांतले अंतर लांब होते. त्याला पुरेल एवढा दिवा लावायचा तर मांडणीचे बिल मंडपाच्या बिलाएवढे येईल! त्यापेक्षा गच्चीवर, जिथे दिवसभर ऊन आहे, दोन उथळ ट्रे जूनमध्येच लावून ठेवा. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून मी मिळवून देतो. अळूचेही तसेच. दिव्याखाली त्याचा पसारा मावत नाही. बाल्कनीत दोन-तीन तास ऊन असेल तर पावसाळ्यात वडीपुरती पाने निघतात. हिवाळ्यात पाने जातील, कांदा मातीत राहू द्या, उन्हाळ्यात तो पुन्हा फुटतो.

गार्डसाहेबांकडे आता चार बॅटनची मांडणी आहे, मी आणि आमच्या एका हेल्परने रविवारी जाऊन लावून दिली. सगळे मिळून दोन हजारांच्या आत बसले. जांभळा दिवा त्यांनी फेकला नाही, साडेचार हजारांची वस्तू आहे, तो खोक्यात आहे. काकूंची तुळस होळीपर्यंत आली आणि नंतर बाहेर गेली. कोथिंबीर दर पंधरवड्याला कापतात. मला एकदा डबा भरून वड्या आल्या, त्यात ती किती होती ते मी मोजले नाही.

मंडपाच्या मागच्या टेबलावर एक बॅटन, एक टायमर आणि लक्समीटर ठेवला आहे. मीटर ज्यांना घरी न्यायचा त्यांनी वहीत नाव लिहून न्यावा, दोन दिवसांत परत करावा, गेल्या वेळी तो तीन आठवडे फिरत होता. प्रश्न असतील तर आरतीनंतर विचारा, आता प्रसादाची वेळ झाली आहे आणि माझ्यामागे अध्यक्षसाहेब घड्याळ दाखवत आहेत.

गणपती बाप्पा मोरया!